बोटाचं माप

इर्मेली गेली.
म्हणजे तशी नव्हे.
पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे दारांना वेगवेगळे रंग दिलेत,
आपापली खोली सापडावी म्हणून.
तिचं दार पिवळं.

घरी उरलो मी आणि तिची कॅलाथिया.
पानांवर कुंचल्याने ओढल्यासारखे पट्टे,
पालथं केलं की जांभळं अस्तर.
दिवस कलला की पानं उचलून मिटायची,
आणि इर्मेली म्हणायची, चला, दुकान बंद.

मी रोज पाणी घातलं.
सकाळी कॉफी उकळेस्तोवर एक पेला,
रात्री बातम्यांनंतर अर्धा.
दुसरं काय घालणार होतो, आणि कुणाला?

नोव्हेंबरात कडा करपल्या.
मला वाटलं, तहान. आणखी घातलं.
डिसेंबरात, केमीच्या खाडीवर सूर्य अकराला येऊन
दीडच्या आत परत जायला लागला तेव्हा
देठ लोंबले,
पानं रेडिएटरवर गळाली, तिथेच वाळली,
हातात घेतली तर चुरा, जुन्या पावत्यांसारखा.

चौतीस वर्षं कागद गिरणीत बॉयलर सांभाळला मी.
तिथे काचेमागे काटा असतो,
लाल रेघ ओलांडली की झडप उघडायची.
कुंडीला काटा नसतो.

खालच्या मजल्यावरची होदान, सहावीतली,
चुकून त्यांच्याकडे आलेलं पार्सल घेऊन आली,
उंबऱ्यातच थांबली, नाक वर करून.
"तौनो, इथे काहीतरी कुजतंय."
तिची आई खिडकीत रेहान वाढवते, तुळशीच्या जातीतलं.
या घरातल्यांना कळतं.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कुंडी पालथी केली.
माती साच्यातून सुटावी तशी अख्खी निघाली,
आणि वास, गिरणीमागच्या डबक्याचा, ऑगस्टमधला.
मुळं काळी. ओढलं की साल हातात,
आत केसासारखा दोरा.
"तू हिला बुडवलंस," होदान म्हणाली,
पाढा म्हणावा तसं, सरळ.
अति तिथे माती.
ती माती समोर पडली होती, गच्च ओली,
खालची बातमी वाचता येऊ नये इतकी.

इर्मेलीची शिवणाची कात्री काढली,
जिने कागद कापायची मला बंदी होती.
काळं ते सगळं छाटलं.
उरली पांढरी मुळं, मोजून पाच,
आणि एक पान, तेही अर्धं.
जखमांवर दालचिनीची पूड,
स्वयंपाकघरात किती दिवसांनी
गोड पावांचा वास आला, पावांशिवाय.
लहान कुंडी, झाडाच्या सालीचे तुकडे घातलेली भुसभुशीत माती,
वर पारदर्शक पिशवी, तंबूसारखी.
"आता काय करायचं?"
"आता काही करायचं नाही."

हेच जड गेलं.
पेला आधी कपाटावर ठेवला,
मग तळघरात नेऊन ठेवला.

तिकडे पिवळ्या दारामागे नर्स शिकवत होती:
पाणी घट्ट केलेलं असतं, ठसका लागू नये म्हणून.
एक चमचा. थांबा. गिळलंय का बघा.
मग दुसरा.
दोन्हीकडे मी कच्चाच विद्यार्थी.
चमचा पुढे करून बसायचो,
ती ओठ मिटायची.

मार्चमध्ये देठाच्या बगलेत एक सुरळी दिसली,
पेन्सिलीच्या टोकाएवढी.
उलगडायला नऊ दिवस घेतले तिने.
मी तिला हात लावला नाही. म्हणजे, एकदाच लावला.

बाहेर उणे बारा.
कुंडी वर्तमानपत्रात, मग मफलरीत, मग कोटाच्या आत.
बसमध्ये एका बाईने उठून जागा दिली,
आत बाळ आहे असं समजून.
मी बसलो. थँक्यू म्हटलं.

इर्मेलीने माझ्याकडे पाहिलं,
पाहुण्याकडे पाहावं तितक्या अगत्याने.
पानाकडे पाहिलं. काही नाही.
"तुझीच आहे," मी म्हणालो.
"असं?" ती म्हणाली.

मग तिचा हात आपणहून उठला,
तर्जनी मातीत गेली, दुसऱ्या पेरापर्यंत,
थांबली तिथे,
बाहेर आली, अंगठ्यावर घासली गेली.

"उद्या," ती म्हणाली.