पाय उचलला की नाही

शर्यत संपून दोन तास झाले,
गाड्या ट्रकांत चढल्या, झेंडे गुंडाळले,
आमचं टायरांचं भांडण मात्र अजून पहिल्याच वळणावर.

आज आर्देनच्या पावसानं अर्धाच ट्रॅक घेतला.
वर जंगलात धो धो,
खाली स्टाव्हलोकडे गाई उन्हात रवंथ करत बसलेल्या.
"अशात खाचांचे घालायचे की गुळगुळीत?"
फिर्मँ विचारतो. बोटांना मेयोनीज.
दहा वर्षं हाच प्रश्न,
आणि कुणी उत्तर दिलं की रागावतो.
ओदील म्हणते, खाचांचे, पण दोनच फेऱ्या,
तिसरीला ते शेवयांसारखे सुटतात.

गिस्लाँ बोलत नाही. तो वाकतो,
कुंपणाखाली उडून आलेला रबराचा तुकडा
अंगठ्यानं दाबतो, हुंगतो,
तंबाखूच्या डबीत टाकतो.
घरी अशा एकेचाळीस डब्या आहेत, वर साल लिहिलेल्या.
त्याच्या बायकोनं एकदा एक डबी
मिरी समजून रश्श्यात रिकामी केली होती.

मॅक्सँसकडे फोन आहे, फोनमध्ये सगळं आहे.
वेग तीनशे एकवीस, मधला टप्पा जांभळा,
आणि ही बघा रेघ, इथं खाली वाकलीय.
डाव्या वळणात पाय उचलला त्यानं,
सेकंदाचा दहावा भाग.
"भ्यायला," मॅक्सँस म्हणतो. वय सतरा.

शाळेला उशीर झाला की आया म्हणतात, पाय उचल.
इथं ज्यानं पाय उचलला तो मागे राहिला.

मग व्हायचं तेच होतं. कुणीतरी जुना ट्रॅक काढतं,
दुधाच्या वाटेनं, घराघरांमधून जाणारा.
जाळी नाही, वाळूचा खड्डा नाही,
चुकलात तर थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
गिस्लाँच्या आईचा गोठा त्याच वाकणावर.
आणि ती फेरी! लाल गाडी,
टायर सायकलीहून जरा जाड,
आत तो, ज्याला खोऱ्यात सगळे पाद्री म्हणत,
कारण सुटण्याआधी तो हातमोजे जोडून बसायचा.
दोन घरांच्या फटीतून तो गेला तो पूर्ण दाबून.
पाय उचललाच नाही.
कशावरून? गिस्लाँनं ऐकलंय.
नऊ वर्षांचा होता, गोठ्याच्या दारात उभा.
इंजिनाचा सूर एकसलग, कुठे गाठ नाही.
साठ वर्षं तो हवेत हात ओढून
तो सूर दाखवत आलाय.

आज मॅक्सँस म्हणाला, पुन्हा दाखवा ना.
गिस्लाँनं हात वर नेला, अर्ध्यात थांबवला.
"कान झाकले होते मी," म्हणाला.
"घाबरलो होतो. दोन्ही हातांनी, घट्ट."

फिर्मँनं बटाट्यांच्या रिकाम्या द्रोणात
उगाच वाकून पाहिलं.
रस्त्यावरून शेवटची बस गेली, तिच्या गियरचा आवाज
आम्ही सगळ्यांनी नको इतका लक्ष देऊन ऐकला.

ओदीलनं थर्मासचं झाकण फिरवलं.
"मी समोरच्या दारात होते. धार काढत.
माझे हात रिकामे नव्हते."
"मग?"
"बादलीतल्या दुधावर एक रेघ उठली.
मध्ये मोडली नाही."
"साठ वर्षं बोलली नाहीस?"
"विचारलं कुणी?"
तिनं कॉफी ओतली, आधी गिस्लाँला.
"पण गाय लाथाळ होती.
शपथेवर नाही सांगणार."

मॅक्सँसनं फोन खिशात घातला.
"आणि टायर? टायर कसले होते?"
"खाचांचे," फिर्मँ म्हणाला, "दुसरे होते कुठले तेव्हा?"
"पण किती खोल?" गिस्लाँनं विचारलं,
आणि डबी उघडली.