बाकावरून

विडी घरकुलातून निघताना खाऊन निघ, राजमणी. दुपार होते.
चौघं असतात टेबलापलीकडं,
ओरडत नाहीत. पाणी देतात.
रात्री घरात कोण असतं, हे तीनदा विचारतात,
तीनदा लिहितात.
पोरीला आधी आतल्या खोलीत नेतात. तू उठू नकोस.

मी उठले होते.
नखात तंबाखू, हात पदराखाली.
माझी अनसूया तेलुगूतच बोलली,
मॅडमला कळेना, म्हणून मलाच आत बोलावलं:
काय म्हणते ती?

एक कट्टा वळून होईल
एवढा वेळ मी गप्प.
मग मराठीत सांगितलं,
आई मारते, म्हणते. सुपाच्या काठानं.

पुढची तारीख मंगळवारची दिली.
बाहेर आल्यावर पोरीनं
बिस्किटाची बोटं
माझ्याच पदराला पुसली.