एकदल खोडाचा आडवा छेद

सकाळी सातला काळाघोड्याच्या रसवाल्याकडून
तीन ऊस घेतले, न पिळता.
म्हणाला, शितोळेभाई, आलं-लिंबू नको?
म्हटलं, परीक्षा आहे.
हसला. दर एप्रिलला हसतो.

बॉटनीच्या लॅबमध्ये बावीस सूक्ष्मदर्शक.
चारांचे आरसे आंधळे,
ते मी हुशार पोरांपुढे ठेवतो,
त्यांचं काही अडत नाही.
एकोणतीस वर्षांत एवढंच शिकलो.

यादीत अकरावी : भिवाजी याश्ना.
मेहताबेननी पेन थांबवलं.
'भिवाजी तो पप्पानुं नाम थयुं. अटक?'
पोरगी दचकली.
गुजरातीतली अटक तिला ठाऊक नव्हती,
मराठीतली होती.

मी मध्ये पडलो. आडनाव विचारतायत.
'भिवाजी हेच माझे आडनाव आहे,' ती म्हणाली.
'मी मॉरिशसची आहे. आम्ही मराठी आहोत.
बोटीतून जो उतरला त्याचे नाव भिवाजी होते.
कारकुनाने एकच नाव लिहिले.'

शाळेच्या पुस्तकातून थेट उतरलेली वाक्यं,
एकेका शब्दाचे पाय धुतलेले.
आणि मी दांडियाबाजारचा,
घरात अर्धं वाक्य गुजरातीत सुरू करतो
आणि उरलेलं कोणी पुरं करेल म्हणून वाट बघतो.
उगाच शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग ब्लेड.
बाकीच्यांचे छेद थालीपिठाएवढे जाड.
हिचे पहिले पाचही तसेच. एक तर सरळ टेबलाखाली.
सहावा पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला,
तेव्हा मी ओळखलं, हा जमला.
सॅफ्रनिनचा थेंब. वरून काच.
एक बुडबुडा आत राहिला, काठाला,
तो तिनं सुईनं ढकलत ढकलत बाहेर काढला,
ओठ दाताखाली धरून.

अकराला आणंदचे साहेब आले. घाम पुसला.
'फॅमिली?'
'आई, बाबा, एक भाऊ...' आणि मग कानापर्यंत लाल होत,
'सॉरी सर. पोएसी.'
साहेब हसले नाहीत. चांगला माणूस.
'व्हॅस्क्युलर बंडल?'
'विखुरलेले.'
'सगळीकडे सारखे?'
'नाही सर. काठाला लहान आणि दाटीवाटीनं.
मध्ये मोठे, पण थोडे.
प्रत्येकाला आपापलं आवरण.'
साहेबांनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला.
'शेतात ऊस पाहिलायस कधी?'
'हो सर. बसच्या खिडकीतून.'

एकला सगळे गेले. तिच्याकडे अजून साडेअकराच,
फोनवर आईशी बोलत होती, क्रिओलमध्ये.
मला त्यातलं एकच कळलं : बुडबुडा.
म्हणजे शब्द नाही, बोटांनी केलेला.

एक ऊस उरला होता.
खाशील का, विचारलं.
तिनं तो हातात घेतला, परत दिला.
सोलता येत नाही म्हणाली, घरी कुणी खात नाही.
माझ्या तर दोन दाढा गेल्यात.
बराच वेळ आम्ही त्या उसाकडे बघत उभे राहिलो,
दोघं मराठी, एक ऊस, दात कुणाचेच नाहीत.

तर मग काळाघोडा.
रसवाल्यानं आपलाच ऊस ओळखला,
चरकात घातला, पुन्हा दुमडून घातला.
दोन ग्लास. आलं-लिंबू.
पैसे म्हटले तर म्हणे, ऊस तुमचा,
पिळायचे तेवढे द्या.

तिनं वर बर्फ मागितला.
मी रिकाम्या चिपाडाकडे बघत होतो,
ते कुत्रं येऊन हुंगून गेलं.

संध्याकाळी स्लाइडी धुतल्या.
बावीस काचा, नळाखाली गुलाबी पाणी.
अकरावी ठेवून द्यावी असं वाटलं,
पण नंबर मागच्या बाजूला चिकटवलेले असतात
आणि ते आधीच सुटून गेले होते.

रजिस्टरात नोंद :
ऊस, नग तीन. वापरले, तीन.