दोन कळा

तार्तूच्या पाणीपट्टी ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
एक जुना नियम आहे, कुठेही न लिहिलेला:
खुर्ची सोडताना संगणकाचा पडदा उघडा टाकलात
तर परत येईपर्यंत तुमच्या नावानं
सगळ्यांना मेल गेलेला असतो,
"उद्याचा क्रिंगेल माझ्याकडून. बदाम भरपूर."
वेणी घातलेला गोड पाव तो,
पुलापलीकडच्या बेकरीतला, चौदा युरो.

माझ्या नावानं असे तीन मेल गेलेत.
एकदा तर मी फक्त खिडकी लावायला उठलो,
वळतो तो तार्मो माझ्या खुर्चीत,
चेहऱ्यावर, मी नाही त्यातली.

तशी गुपितं आम्हाला नवी नाहीत.
मीटर तासातासाला आकडे पाठवतात.
चौथ्या मजल्यावर पहाटे तीनला कोण आंघोळ करतं,
कुणाच्या घरात दोन माणसांचं पाणी
मार्चपासून एका माणसाचं झालं,
सगळं दिसतं.
आम्ही बिल छापतो. जेवताना त्यातलं काही काढत नाही.
पहिल्याच दिवशी हेल्वेनं मला बजावलं होतं,
"आकडा वाच. घरात शिरू नकोस."

नोव्हेंबरचा गुरुवार. चार वाजायच्या आत दिवे लागलेले.
हेल्वेचा फोन वाजला, तिनं नाव बघितलं
आणि कोट न घालताच ती जिन्याकडे गेली.
चष्मा कळफलकावर, पडदा लख्ख उघडा.

अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.
तार्मोनं मला भुवईनंच ढकललं.
मी गेलो. बोटं शिवशिवत होती,
बदामांच्या जोडीला खसखसही मागायची ठरवली होती.

पडद्यावर अर्धा मेल. बहिणीला असावा.

"मिल्वी, ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.
डिसेंबरपर्यंत केस टिकतील म्हणाले.
आईला ख्रिसमसनंतर सांगू. तू येशील तेव्हा
ती निळी टोपी"

पुढे काही नाही.
टोपीपाशी कर्सर उघडझाप करत होता.

चार ओळी.
वाचू नयेत असं मनात येईपर्यंत
वाचून झाल्या होत्या.

"झालं का?" मागून तार्मो.

कळ काढायला गेलेलो मी
दोन कळा दाबल्या,
एक खिडकीची खूण असलेली, एक तिच्या जोडीची.
पडदा मिटला. काळ्या काचेत माझं तोंड
आणि त्यामागे भिंतीवरचं घड्याळ, उलटं.
"बंदच होता रे," मी म्हणालो. "हेल्वे आहे ती."

ती आली. नाक लाल, खांद्यावर थोडं बर्फ.
पडदा बघून थबकली.
कडी आपण लावली नव्हती, तिला ठाऊक होतं.
मग तिनं आम्हा सहा जणांकडे बघितलं,
एकेकाकडे, मीटर वाचावा तसं.
माझ्यापाशी किती वेळ थांबली सांगता येणार नाही,
मी मान खाली घालून
एका जुन्या घराची थकबाकी शोधत होतो
जी ऑगस्टमध्येच भरून झाली होती.

तिनं चष्मा घातला. पासवर्ड टाकला.
बराच वेळ मग
तिच्या टेबलावरून टंकल्याचा आवाज आला नाही.

शुक्रवारी मी क्रिंगेल नेला.
कुणाच्याच नावानं मेल गेलेला नव्हता.
"कुणाचा उघडा राहिला?" कार्मेननं विचारलं.
"माझा. काल. तुम्ही सगळे आंधळे."
हसले. तार्मो हसला नाही, तो बदाम वेचत होता.

हेल्वेनं शेवटच्या तुकड्याचे दोन केले,
एक माझ्या बशीत ठेवला.
"बदाम कमी पडलेत," म्हणाली.
मग कॉफी आणायला उठली, दोन पावलं गेली,
परत आली, वाकली,
त्याच दोन कळा दाबल्या
आणि गेली.