एक रिकामी चौकट

कुताईसीत, रिओनीच्या पुलाशी आमचं दुकान.
उशांगी आजोबा जुना कॉम्प्युटर शालीत गुंडाळून आणतात,
ताप आलेलं कोकरू आणावं तसा.
"भरलंय म्हणतो. नवा दे. मोठा.
किती मोठा, ते तूच सांग."

मी सवयीनं म्हणते,
दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, की एक टेरा?
"किलोत मोजतेस की लिटरात?"

जुनी डिस्क उघडते. ऐंशी जीबी, शिगोशीग.
आत एकच लग्न, नऊ वेळा.
तीच नातिया, तोच पांढरा झगा,
काकाच्या हातातलं तेच वाइनचं शिंग
सांडायच्या बेतात,
नऊदा सांडायच्या बेतात.

"वीज जायची ना तेव्हा," ते सांगतात,
"गेली की वाटायचं, सगळंच गेलं.
आली की पहिलं काम, एक प्रत."

नातिया आता इटलीत, बारीला,
कुणाच्या तरी आईला न्हाऊ घालते.
नवऱ्याचं मी विचारत नाही.

आठ लग्नं पुसायची.
दर वेळी विचारते, ही?
"हं."
आठव्या वेळी ते खिडकीबाहेर बघत असतात.

उरतात मधाच्या वह्यांचे फोटो,
पेटीच्या तोंडाशी माश्या, हललेला व्हिडिओ,
आणि अकरा सेकंदांचा आवाज:
"मामा, ऐकू येतंय का?"
(इकडे बापाला मामा म्हणतात.)
सगळं मिळून सहा जीबी.

माझ्या घरी चार टेरा आहेत.
दर महिन्याला जागा नाही म्हणून कुरकुरतात.

"सगळ्यात लहान घ्या," मी म्हणते,
"तोही बराचसा रिकामाच राहील."
"छे, छे. पेटीत असं करत नाहीत.
थंडीआधी मी चौकटी काढून घेतो.
जागा फार झाली की ऊब पुरत नाही,
कोपऱ्यात गोळा होऊन मरतात बिचाऱ्या.
कमी पडली, तर वसंतात
राणीला घेऊन अर्ध्या निघून जातात."
मग ठेवता किती?
"भरतील तेवढ्या. वर एक रिकामी."

म्हणजे नवा विकायला नकोच.
मी पंखा पुसते, धूळ काढते, वीस लारी लावते.
पण खरं सांगावं लागतं,
डिस्क म्हातारी आहे, कधीही बसेल.
म्हणून सहाच्या सहा जीबी
नखाएवढ्या पेन ड्राइव्हवर उतरवते.
ते तो काडेपेटीत ठेवतात, काडेपेटी आतल्या खिशात.
"आता लग्नं किती झाली?"
दोन.
"हं," म्हणतात, आणि या वेळी हसतात,
वीज जायची ती मला सांगणारा माणूस
बरोबरच होता म्हणायचा.

काउंटरवर मधाची बाटली,
खाली पावतीला चिकटलेलं एक गोल वर्तुळ.

रात्री मी माझे चार टेरा उघडले.
नवा फोल्डर.
त्याच्या आत नवा फोल्डर.
त्याच्या आत एका मांजराचे दोनशे चाळीस फोटो.
मांजर आमचं नव्हतं.