चौथा

विकत घेतले होते तीन.
रात्री पावणेदोनला, लाल बॅटरीच्या उजेडात
दगडाच्या कपारीतून चौथ्यानं तोंड काढलं.

स्नेहनगर, दुसरा मजला.
आमचा समुद्र म्हणजे नळाची नर्मदा, गाळून,
त्यात बादलीमागे मोजून मीठ,
आणि सियागंजातून हकीमभाईंनी दिलेला हा दगड,
कुठल्या बंदराचा, त्यांनाही ठाऊक नाही.

दवाखान्यातला आरसा आणला,
दाढेमागे धरते तो.
पाठीवरचे काटे मोजायला घेतले.
सात... आठ...
तो आत.
लाल उजेडात मासा दिसतो, रंग दिसत नाही.
पांढरा लावला तर
रंग दिसला असता, पण मासा नाही.

हकीमभाई फोनवर म्हणाले,
"डॉटीबॅक होगा, मॅडम. या कुछ और.
निकाल दो, झींगे खा जाएगा."
झिंगे चार होते. चार आहेत.
मी रोज मोजते.

सासरे पाणी प्यायला उठले होते.
काचेला नाक लावून त्यांनी
कुणालाही विचारतात तेच विचारलं,
"मूळचा कुठला?"
त्यांना कुणी विचारलं तर ते सांगतात, गुहागरकडचे.
सात पिढ्या इंदुरात,
गुहागर पाहिलेलं एकानंही नाही.
मग बाही सावरून
त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं,
आणि बराच वेळ
काही बोलले नाहीत.

वहीत मी लिहिलं: मासे, चार.
नावाच्या रकान्यात पेन टेकवून ठेवलं होतं,
तिथे आता शाईचा ठिपका आहे.