शेजारचं नाव

बाणेरला, सहाव्या मजल्यावर
आमचं काम असं की
आधी प्रोग्रॅम आपणच लिहायचा,
एकेका फंक्शनला बारशासारखं नाव द्यायचं
(व्याज_काढ, यादी_उलट, शेवटचा_तपास),
मग कंपाइल करताना ती नावं खरवडून टाकायची,
ओळींचे आकडे, चलांचे प्रकार, फाइल कुठल्या फोल्डरातली, सगळं,
आणि उरलेला ऐवज डीबगरपुढं ठेवून
साळसूदपणे विचारायचं:
ओळख, हा कोण?

नीलोफर तांबोळी पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
ही कसली परीक्षा,
हे तर मूठ मिटून आत काय विचारणाऱ्या मामासारखं आहे.

डीबगर बिचारा खुणांवरून चालतो.
स्टॅकवर काही ढकललेलं दिसलं
की म्हणतो, इथं कुणाचा तरी उंबरा असावा.
परतीचा पत्ता सापडला
की म्हणतो, इकडून कुणीतरी आलं होतं.
सलग मोडीसारखं असतं सगळं,
लेखणी उचललीच नाही लिहिणाऱ्यानं,
शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.
मजकुराचे तुकडे तेवढे जसेच्या तसे राहतात.
एकदा आकड्यांच्या रानात अचानक दिसलं:
"इथे कधीच पोहोचू नये."
मीच लिहिलं होतं. दचकले तरीही.

परवा रात्री साडेनऊला दोनशे बारावी चाचणी.
प्रोग्रॅम कोसळायचा होता, कोसळला,
शून्य पत्त्यावर हात घालून, ठरल्याबरहुकूम.
नापास झाला तो डीबगर.

एकच नाव खरवडायचं राहिलं होतं,
बाहेरच्यांना लागतं म्हणून ठेवलेलं: आरंभ.
अकरा चौकटी, आणि अकराही ठिकाणी
आरंभ अधिक चाळीस
आरंभ अधिक नऊशे बारा
आरंभ अधिक एकोणीस हजार दोनशे सोळा.
एकोणीस हजार बाइट पलीकडं बिऱ्हाड
आणि याच्या लेखी तो आरंभच्याच घरचा.

सदावर्ते म्हणाले, चालतंय की.
ओकंबोकं दिसण्यापेक्षा बरं,
ग्राहकाला प्रश्नचिन्हं दाखवायची का?

मी डबा धुवायला गेले.

डबा स्टीलचा, जड, जुन्या बाजारातला,
एका रविवारी ऐंशी रुपयांना घेतलेला.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय
कु. म... हिस लग्नाप्रीत्यर्थ,
मधली अक्षरं काथ्यानं खाल्लेली,
पुढं नुसतंच ...कर यांजकडून, १९६८.
नवी होते तेव्हा कुणी विचारलं, आईचा का?
हो म्हणाले.
सोपं होतं ते. तीन वर्षं
माझी आई, माहेरची कुणी म... कर,
या मजल्यावर जेवणाच्या सुट्टीत नांदते आहे.
माझ्या आईचं माहेर सोनटक्क्यांचं,
आणि तिच्या लग्नातली भांडी पितळेची होती.

नीलोफर बेसिनशी चमचे विसळत होती.
मी म्हटलं, हा डबा कुणाचा ते मला माहीत नाही.
ती म्हणाली, बरं.
मग जरा थांबून, झाकणावर बोट फिरवत,
म नाही, भ वाटतोय.

जागेवर येऊन दोष नोंदवला.
गांभीर्य: मध्यम. सदावर्त्यांनी नंतर कमी केलं.
अपेक्षित वर्तन या रकान्यात लिहिलं:
हद्द माहीत नसेल तर जवळचं नाव चिकटवू नये.
माहीत नाही असं छापावं.
पत्ता मात्र द्यावा, पूर्ण.

आज दुरुस्ती आली, चालवून पाहिली.
सगळ्यात तळाशी आरंभ, एकदाच.
त्याच्यावर दहा ओळी नुसत्या
प्रश्नचिन्हांच्या जोड्या, शेजारी पत्ते.
दिसतं खरंच ओकंबोकं.

वरून चौथी ओळ
माझं व्याज_काढ होतं.
पत्त्यावरून ओळखलं मी.
बोलले नाही,
पास लिहिलं.